दुसऱ्या हातात विळा आहे

गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. सुट्टी टाकून गावी गेलो होतो. गाव म्हणजे बुलडाणा जिल्ह्यात, चिखलीहून मेहकरकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत. दोन दिवसांच्या झडीनंतर उघाड पडली होती आणि आई सोयाबीनमध्ये निंदत होती. बाबांनी बांधावरून आवाज दिला, ई-पीक पाहणी राहिलीये, मुदत संपत आली, आजच उरका.

ज्यांच्या घरी शेती नाही त्यांच्यासाठी सांगतो. २०२१ पासून महाराष्ट्रात शेतकऱ्यानं आपल्या पिकाची नोंद स्वतःच मोबाइलवरून करायची असते. ॲप उघडायचं, गट क्रमांक निवडायचा, पीक, क्षेत्र, पेरणीची तारीख भरायची आणि शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा. ही नोंद सातबाऱ्यावर जाते. पुढे नुकसानभरपाई असो की हमीभावानं खरेदी, नोंद नसेल तर माणूस अडतो. थोडक्यात, हे काम खाटेवर बसून करायचं नाही. चिखलात उभं राहूनच करायचं आहे.

मी म्हणालो, आण, मी भरून देतो. आई नको म्हणाली. तू पुण्याला गेल्यावर पुढच्या हंगामात कोण भरीन, मलेच शिकव. तिनं विळा कमरेला खोचला, पदराला हात पुसले आणि फोन घेतला. फोन ६.७ इंचांचा, साडेसात हजारांचा, मीच दिवाळीला घेऊन दिलेला. मोठा घेतला म्हणजे तिला नीट दिसेल, असा माझा हिशेब होता. गट निवडेपर्यंत ठीक चाललं. मागे जायचा बाण वरच्या डाव्या कोपऱ्यात होता आणि तिचा अंगठा स्क्रीनच्या निम्म्यापर्यंतच पोचत होता. तिनं फोन हातातल्या हातात वर सरकवला, तो ओल्या हातातून निसटला आणि बांधावरच्या दगडावर तोंडावर पडला. ॲपचा काही दोष नव्हता, ते बिचारं फुटलेल्या काचेखालीही तारीख विचारत होतं. स्क्रीन बदलायचा खर्च ऐकून बाबा एवढंच म्हणाले की यात बियाण्याची एक थैली आली असती.

आई म्हणाली, "हा फोन हाये का पाटी? एका हातानं त धरताच येत नाही. मले पयल्यासारखा लहानसा पाहून दे."

मी इंजिनिअर माणूस. मला वाटलं, हे तर सोपं आहे. चिखलीत चार दुकानं फिरलो. चौथ्या दुकानदारानं माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं. "भाऊ, सहाच्या खालचं आता येतच नाही. लहान पाहिजे असन त बटनाचा घ्या."

हा लेख त्या दुकानदाराविरुद्ध नाही. तो जे येतं ते विकतो. माझं भांडण आहे ते "लोकांनाच मोठा फोन हवा आहे" या वाक्याशी. हे वाक्य मी माझ्या ऑफिसात इतक्या वेळा ऐकलंय, आणि खरं सांगायचं तर इतक्या वेळा स्वतः बोललोय, की आता त्याची लाज वाटते.

आधी थोडं गणित, कारण इंच फसवे असतात. फोनचा आकार कर्णानं मोजतात. पाच इंचांवरून ६.७ इंच म्हणजे वाढ चौतीस टक्के, फार काही नाही असं वाटतं. पण २०१७च्या आसपास स्क्रीनचा घाटच बदलला. आधीचे फोन १६:९ या प्रमाणात होते, आताचे साधारण २०:९ असतात. पाच इंचांच्या जुन्या स्क्रीनची रुंदी ६२ मिलिमीटर, उंची १११. आताच्या ६.७ इंचांची रुंदी ७०, उंची १५५. रुंदी आठ मिलिमीटरनं वाढली आणि उंची चव्वेचाळीसनं. क्षेत्रफळ दीडपटीहून जास्त झालं. अंगठा मात्र होता तेवढाच राहिला. आणि या चव्वेचाळीस मिलिमीटरच्या वरच्या टोकाला आम्ही काय ठेवतो? मागे जायचा बाण, मेन्यू, शोध, बंद करायची फुली. म्हणजे ज्या गोष्टींची चुकल्यावर गरज पडते त्या सगळ्या.

हे कंपन्यांना माहीत नव्हतं असं नाही. २०१३ साली स्टीव्हन हूबर या डिझायनरनं सार्वजनिक ठिकाणी फोन वापरणाऱ्या १,३३३ लोकांचं निरीक्षण करून मांडलं होतं की त्यातल्या स्क्रीनला बोट लावून फोन वापरणाऱ्यांपैकी ४९ टक्के लोक तो एका हातात धरून वापरत होते. स्टीव्ह जॉब्सनं २०१० साली मोठ्या फोनची टिंगल केली होती, हातात मावत नाहीत, कोण घेणार, असा सूर होता. पुढच्याच वर्षी सॅमसंगचा ५.३ इंचांचा गॅलक्सी नोट आला, लोक हसले, आणि २०१४ला ॲपलनंही ४.७ आणि ५.५ इंचांचे आयफोन ६ काढले. गंमत अशी की त्याच फोनसोबत एक सोय आली: होम बटणाला हलकेच दोनदा बोट लावलं की अख्खी स्क्रीन खाली सरकते, म्हणजे अंगठ्याला वरचं गाठता यावं. पुढे २०२१च्या अँड्रॉइड १२ मध्येही असाच एका हातानं वापरायचा मोड आला. दाराची कडी छताजवळ लावायची आणि घरमालकाला स्टूल भेट द्यायचं, तसलाच हा प्रकार. आणि ते स्टूल सेटिंगमध्ये कुठे ठेवलंय हे आईला कोण सांगणार?

आता "लोकांनाच मोठा हवा" याचा सगळ्यात भक्कम पुरावा म्हणून नेहमी पुढे केला जातो तो आयफोन मिनी. ५.४ इंचांचा, २०२०ला आला, २०२१ला पुन्हा आला, फारसा खपला नाही आणि २०२२ला त्याच्या जागी ६.७ इंचांचा प्लस आला. पाहा, म्हणतात, लहान फोन दिला होता, कुणी घेतला नाही. पण तो दिला होता कितीला? भारतात १२ मिनीची सुरुवातीची किंमत होती ६९,९०० रुपये. माझ्या तालुक्यातल्या सोयाबीनवाल्या बाईला लहान फोन हवा की नको, हा प्रश्न सत्तर हजारांच्या काउंटरवर विचारला गेला आणि तिथून जे उत्तर आलं ते सगळ्यांच्या नावावर मांडलं गेलं. आमच्या जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी करतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पीकपाण्याचं भाकीत सांगतात. त्यावर शहरातले मित्र हसतात. पण तिथं निदान धान्य समोर मांडलेलं असतं. बाजाराचे हे भाकीतकार तर जे धान्य पेरलंच नाही ते उगवलं नाही म्हणून सांगतात.

स्वस्तात लहान फोन होता तेव्हा काय झालं तेही आठवून पाहा. २०१७च्या शेवटी रेडमी ५ए आला, पाच इंचांचा, १३७ ग्रॅमचा, ४,९९९ रुपयांना. आमच्या गावात दर दुसऱ्या घरात तो किंवा त्याचा भाऊबंद होता. सदऱ्याच्या वरच्या खिशात मावायचा आणि वाकलं तरी बाहेर पडायचा नाही. त्याच्याही आधी नोकिया ११०० होता, २००३चा. ८६ ग्रॅम वजन, धूळ जाऊ नये म्हणून बटणांवर सलग रबर, वर टॉर्च. जगभरात २५ कोटींहून जास्त विकला गेला. रात्रीच्या लाइटीवर पाणी द्यायला गेलेले माझे काका तो फोन दातात धरून मोटारीचा स्टार्टर पाहायचे. दोन्ही हात मोकळे, उजेड बरोबर हवा तिथं. तो फोन करणाऱ्यांनी कधी तरी बसून विचार केला असणार की हा माणूस धुळीत असेल, घामात असेल, अंधारात असेल. आजचा दोनशे ग्रॅमचा फोन दातात धरून पाहा.

मग बदललं काय? माझ्या मते सप्टेंबर २०१६ला जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि फोन ही पाहायची वस्तू झाली. पाहायच्या वस्तूला मोठा पडदा लागतो. माणूस जितका वेळ पाहील तितकी जाहिरात विकता येते, हे आमच्या धंद्यातलं उघड गुपित आहे. दिवसातून वीस वेळा दहा-दहा सेकंद खिशातून काढायचा फोन कुणालाच फायद्याचा नाही. संध्याकाळी तासभर दोन्ही हातांत धरून बसायचा फोन सगळ्यांना फायद्याचा आहे. मी पाहण्याविरुद्ध नाही. बाबा रात्री जेवल्यावर कीर्तनं पाहतात, मी रील्स पाहतो, पाहावं. पण ज्याला दिवसभर उभ्यानं काम आहे त्यालाही हीच पाटी का?

याची उलट बाजू पाहायची असेल तर एसटीत बसा. चिखली-खामगाव गाडीत कंडक्टरच्या हातातलं तिकिटाचं मशिन पाहा. स्क्रीन इवलीशी. एका हातात मशिन, अंगठा बटणावर, दुसरा हात वरच्या दांड्याला, गाडी घाटात वळणं घेतेय आणि माणूस पैसे मोजून सुट्टेही देतोय. ते मशिन घेताना कुणीतरी विचारलं असेल, हे उभ्या माणसाला चालवता येईल का? संस्था विकत घेते तेव्हा हा प्रश्न विचारला जातो. आई विकत घेते तेव्हा तिला डिस्काउंट किती आणि कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, एवढंच सांगतात.

आणि बाईचा हात. सरासरीनं तो पुरुषाच्या हातापेक्षा लहान असतो, हे सांगायला संशोधन लागत नाही, तरी कॅरोलिन क्रियाडो पेरेझ यांनी 'इन्व्हिजिबल विमेन' या २०१९च्या पुस्तकात फोनच्या आकाराबद्दल ही तक्रार व्यवस्थित मांडून ठेवली आहे. आमच्याकडे तर हाताच्या आधी खिशाचा प्रश्न आहे. साडीला खिसा नसतो. कापूस वेचताना कमरेला ओटी बांधतात, त्यात कापूस भरायचा की फोन? मग तो जेवणाच्या डब्याच्या पिशवीत, पिशवी बाभळीला टांगलेली, आणि बाई शेताच्या दुसऱ्या टोकाला. "फोन उचलत नाहीस" म्हणून घरचे चिडतात.

आता माझी पाळी. मी ज्या कंपनीत काम करतो तिचं नाव सांगत नाही. आम्ही बचतगटांच्या हप्त्यांचं एक ॲप सांभाळतो. दोन वर्षांपूर्वी एक तक्रार आली: पाच इंचांच्या फोनवर, मराठी भाषा आणि अक्षरं मोठी केलेली असतील तर कीबोर्ड उघडल्यावर "पुढे" हे बटण स्क्रीनच्या खाली जातं आणि वर ओढताही येत नाही. म्हणजे रक्कम भरता येते, पाठवता येत नाही. कारण मला लगेच कळलं. आमचे डिझाइन मोठ्या फोनच्या चौकटीत आणि इंग्रजीत होतात. इंग्रजीतला चार अक्षरांचा शब्द मराठीत दोन शब्दांचा होतो, वर वेलांटी, खाली उकार, ओळीला उंची जास्त लागते. इंग्रजीत जे बसतं ते मराठीत सांडतं. मोठी स्क्रीन हे सांडणं पोटात घालते, लहान स्क्रीन उघडं पाडते. दुरुस्तीला दोन दिवस लागले असते.

मी आकडे काढले. अशा फोनवरून येणारे वापरकर्ते अगदी थोडे टक्के होते आणि दर महिन्याला कमी होत होते. मी तिकिटावर "दुरुस्त करायचं नाही" असा शिक्का मारला आणि बंद केलं. मॅनेजरनं शाबासकी दिली, प्राधान्य कळतं म्हणाला.

ते कमी का होत होते, हे मी विचारलंच नाही. ज्या बाईला बटण दिसत नाही ती ॲप सोडून देते. ती गेली की तिचा फोन आमच्या आकड्यांतून जातो. आकडा आणखी लहान होतो आणि पुढची तक्रार बंद करायला आणखी चांगलं कारण मिळतं. दुसरीकडे तीच बाई दुकानात जाते, जुन्या फोनवर ॲपं चालत नाहीत म्हणते, दुकानदार मोठा देतो, आणि कंपनीच्या आकड्यांत एक नवा "मोठा फोन पसंत करणारा ग्राहक" जमा होतो. लोकांना मोठा हवा असतो तो असा. माझ्यासारखी हजारो पोरं हजारो तिकिटं अशी बंद करतात. कुणी कट केलेला नाही. प्रत्येकानं आपापला आकडा पाहिला.

यावर मित्रांचे आक्षेप मला पाठ आहेत. पहिला, तुझ्याच आईला डोळ्यांनी कमी दिसतं, मोठी स्क्रीन लागणारच. खरं आहे, पन्नाशीनंतर जवळचं दिसत नाही. पण ६.७ इंचांवर आम्ही अक्षरं मोठी केली का? आम्ही तेवढ्याच बारीक अक्षरांत आणखी चार गोष्टी आणि एक जाहिरात बसवली. पाच इंचांवर एका वेळी एकच प्रश्न मोठ्या अक्षरात विचारा, तिला चष्म्याशिवाय वाचता येईल. दुसरा आक्षेप, गावात टीव्ही नाही, लॅपटॉप नाही, पोरं २०२०च्या लॉकडाउनमध्ये फोनवरच शिकली, त्यांना मोठाच हवा. मान्य. शंभर टक्के मान्य. म्हणून तर मी मोठे फोन बंद करा म्हणत नाही. दुकानात चाळीस मोठ्यांच्या शेजारी एक लहान ठेवा म्हणतोय. फोन काय एकाच मापात जन्माला येतो? चप्पल घेताना नंबर विचारतात.

तिसरा आक्षेप बॅटरीचा, आणि हा मात्र तगडा आहे. फोन लहान म्हणजे आत जागा कमी, बॅटरी लहान. रेडमी ५एची होती ३,००० एमएएच, आजच्या स्वस्त मोठ्या फोनची ५,००० सहज असते. लाइट कधी येईल याचा नेम नसलेल्या गावात हा फरक हसण्यावारी नेता येत नाही. मी स्वतः बरेच दिवस याच मुद्द्यावर गप्प बसत होतो. पण लहान स्क्रीन वीजही कमी खाते, आणि फोन दोन मिलिमीटर जाड झाला तर शेतात कुणाचं काही बिघडत नाही. शिवाय २०२५च्या जूनमध्ये भारतात वनप्लस १३एस आला, ६.३२ इंचांचा, त्यात सिलिकॉन-कार्बन प्रकारची ५,८५० एमएएचची बॅटरी. म्हणजे त्या मानानं लहान फोनमध्ये मोठी बॅटरी बसते, अडचण तंत्रज्ञानाची राहिलेली नाही. फक्त त्याची किंमत होती ५४,९९९ आणि ६.३२ इंचांना आता "कॉम्पॅक्ट" म्हणतात. आयफोन ६ प्लसला ५.५ इंचांसाठी राक्षस म्हणणारे आपणच होतो.

म्हणून मला या सगळ्यात जास्त राग कशाचा येतो तर लहान फोन नाहीसा झाला याचा नाही, तो वर गेला याचा. ज्याच्याकडे गाडी आहे, टेबल आहे, लॅपटॉप आहे, त्याला हाताला सुखाचा फोन पंचावन्न हजारांत मिळू शकतो. जिच्या दुसऱ्या हातात विळा आहे तिला मिळू शकत नाही. आमच्यासारखे शहरातले हौशी लोक लहान फोनबद्दल हळहळतात तेव्हा जुन्या आयफोनचे फोटो टाकतात, केवढा गोड होता वगैरे. मीही टाकलेत. त्या हळहळीत कधी कुणी दहा हजारांखालच्या फोनचं नाव घेतलेलं मला आठवत नाही.

आईचं आता असं चाललंय. शेतात बटनाचा फोन, घरी कपाटात दुरुस्त केलेली पाटी. बँकेला जोडलेला नंबर बटनाच्या फोनमध्ये आहे कारण तोच सतत जवळ असतो. त्यामुळे घरी बहीण काही भरायला बसली की ओटीपी शेतात जातो. मग शेजारच्या फोनवरून निरोप, आणि आई बांधावर उभी राहून सहा आकडे मोठ्यानं ओरडून सांगते. ओटीपी कुणालाही सांगू नका, असं त्याच संदेशात लिहिलेलं असतं. अख्ख्या शिवाराला तो कळतो.

आणि ती पीक पाहणी त्या दिवशी शेवटी मीच माझ्या फोनवरून भरली. दोन्ही गट, सोयाबीन आणि तूर, फोटोसकट, दहा मिनिटांत. आई शेजारी उभी राहून पाहत होती. शिकायची ती राहिलीच. रब्बीत पुन्हा भरायची आहे आणि मला सुट्टी मिळेल की नाही माहीत नाही.

पुण्याला परतल्यावर मी बहिणीच्या कपाटातला जुना पाच इंची फोन ऑफिसात नेला आणि टेस्टिंगच्या टेबलावर ठेवला. भाषा मराठी, अक्षरं सगळ्यात मोठी. दोन वर्षांपूर्वीचं ते तिकीट शोधून पुन्हा उघडलं. कारण या रकान्यात लिहिलं, "बटण दिसत नाही म्हणून वापरकर्ते कमी आहेत, वापरकर्ते कमी आहेत म्हणून बटण दुरुस्त होत नाही." नवीन मॅनेजरनं विचारलं, असे किती युजर आहेत? मी म्हणालो, टेबलावरचा फोन घ्या, डावा हात पाठीमागे ठेवा आणि एक हप्ता भरून दाखवा. त्यांनी प्रयत्न केला. तिकीट सध्या पुढच्या स्प्रिंटमध्ये आहे.